भाताने प्रोटीन भागतं का? (अण्णा विरुद्ध डॉक्टर)

वेळणेश्वरची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घरात रोज त्यावरून वाजतंय म्हणून इथे विचारते.

माझे सासरे, अण्णा, वय ७४, वजन ५८ किलो. गेल्या वर्षी ६३ होतं. जन्म गेला गुहागर तालुक्यात, आता आमच्याकडे डोंबिवलीला असतात. दंडाची कातडी लोंबायला लागलीय आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, साखर ठीक, थायरॉइड ठीक. म्हणाले, "प्रोटीन कमी पडतंय. चिकन, अंडी, मासे वाढवा. भात कमी करा."

झालं! भात कमी करा म्हटल्यावर अण्णांनी डॉक्टरांनाच खोटं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की भातातही प्रोटीन असतं. "आमच्या आज्याने वर्षातनं दोनदा मटण खाल्लं असेल, शिमग्याला नि गटारीला. बाकी बारा महिने भात, पिठी, आमटी. आणि तो गाडीभर लाकडं फोडायचा. भातात दम नसता तर अख्खं कोकण आडवं झालं असतं." वर आणि त्यांचा हुकमी एक्का: "बैल काय मटण खातो? नांगर ओढतोच ना?"

यावर नवरा गप्प. नवरा अण्णांपुढे नेहमीच गप्प.

गंमत अशी की अण्णा शाकाहारी वगैरे काही नाहीत. कवळी बसवल्यापासून मटण-चिकन चावत नाही हे खरं कारण, पण ते कबूल करायचं नाही. तुकडा तोंडात घोळवतात आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवतात. मी रस्सा वाढते, तो भातावर घेऊन पितात. "रस्स्यात उतरलं की सगळं" म्हणतात.

दिवसाचं खाणं साधारण असं: सकाळी उकड्या तांदळाची पेज, लोणचं. दुपारी भात, कुळथाची पिठी नाहीतर आमटी, सोलकढी. चारला चहा, दोन खारी. रात्री पुन्हा भात, आमटी, एखादी भाजी. झोपताना काही नाही. भाकरी चालते, पण कधीतरी. सोमवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण पाळतात.

तर माझे प्रश्न:

भातात प्रोटीन असतं हे खरं ना? मग १०० ग्रॅम चिकनएवढं मिळायला भात किती खावा लागेल? आणि ते प्रोटीन "तसलंच" असतं का, की काही फरक असतो? शेजारच्या काकूंच्या मुलाने अमेरिकेहून तांदळाचं प्रोटीन म्हणून डबा आणलाय, म्हणजे तांदळात ते असणारच असं त्या म्हणतात. आणि अण्णांच्या आज्याचं काय? तो प्रश्न मला खरंच पडलाय, नुसता वाद म्हणून नाही.

कृपया "भात बंद करा" एवढंच लिहू नका. तो पर्याय आमच्या घरी नाही.

---

डंबेल_दादा

ताई, सरळ हिशोब. शिजलेला भात १०० ग्रॅम = अडीच-पावणेतीन ग्रॅम प्रोटीन. शिजलेलं चिकन ब्रेस्ट १०० ग्रॅम = तीसच्या आसपास. विषय संपला.

अण्णांना व्हे द्या, म्हणजे दुधापासून काढलेली प्रोटीनची पावडर. एक स्कूप दुधात ढवळायचा, चोवीस-पंचवीस ग्रॅम हातात. चावायचं टेन्शन नाही.

बैलाच्या मुद्द्यावर मात्र अण्णांना मानलं. आमच्या जिमच्या सरांकडे पण उत्तर नव्हतं 😄

---

पथ्यपाणी

मी जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, आता निवृत्त. अण्णांसारखे रुग्ण रोज बघितलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी अण्णांच्या बाजूने बोलू. भातात प्रोटीन असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नसतं. कच्च्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला ७ ते ८ ग्रॅम. पण तांदूळ शिजताना भरपूर पाणी पितो, शंभराचा पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम भात होतो, म्हणून ताटातल्या भाताचा आकडा अडीच-पावणेतीनवर येतो. डंबेल_दादांचा आकडा बरोबर आहे. फक्त त्यांनी दोन्हीकडे शिजलेलं धरलंय हे लक्षात ठेवा. लोक एकीकडे कच्चं नि दुसरीकडे शिजलेलं धरून भांडत बसतात.

आता तुमचा नेमका प्रश्न. १०० ग्रॅम कच्चं, बिनहाडाचं, बिनचामडीचं चिकन म्हणजे २१-२२ ग्रॅम प्रोटीन. तेवढं तांदळातून काढायचं तर कच्चा तांदूळ २८० ग्रॅमच्या आसपास लागेल, म्हणजे पाऊण किलोहून जास्त भात. त्यातून हजार कॅलरी पोटात जातात. चिकनमधून जातील सव्वाशेच्या आसपास.

इथेच थांबलं तरी अर्धाच हिशोब होतो, कारण तुम्ही "तसलंच का" असंही विचारलंय. तसलंच नसतं. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यातली नऊ शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात. त्यातलं एक लायसिन. तांदळाच्या एक ग्रॅम प्रोटीनमध्ये ते ३६-३८ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला प्रोटीनच्या दर ग्रॅममागे ४५ हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये धरलं आहे. चिकनमध्ये ते तांदळाच्या दुपटीहून जास्त. गव्हापेक्षा तांदूळ याबाबतीत उजवा आहे, हे चपातीवाल्यांना जरूर सांगा. पचन आणि लायसिन दोन्ही धरून गुण द्यायची एक पद्धत आहे. तिच्यात शिजलेल्या भाताला शंभरात साठच्या आसपास मिळतात. अंडं, दूध, चिकन शंभरी गाठतात. म्हणजे वरचा पाऊण किलो प्रत्यक्षात सव्वा ते दीड किलो होतो. शंभर ग्रॅम चिकनच्या बदल्यात! अण्णांना एका बैठकीत एवढा भात वाढून दाखवा, ते स्वतःच पातेलं झाकतील.

आता आजोबा. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण अण्णा इथे बरोबर आहेत. लाकडं फोडणारा, नांगर धरणारा माणूस दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ सहज उडवायचा. तेवढ्यात ४५ ग्रॅम प्रोटीन आलं. त्यात कुळीथ, पावटा, वाल, ओढ्याचे मासे, खेकडे, सुकट. जिथे लायसिन कमी तिथे कडधान्याने भरून काढलं, कारण डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. त्यांच्यात जे कमी (मेथिओनिन, त्या नऊंतलंच आणखी एक) ते भात देतो. दोन्ही एकाच घासात लागतं असंही नाही, दिवसभरात पडलं की पुरे.

हाच मुद्दा आपल्या पां. वा. सुखात्मे यांनी जगापुढे मांडला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संख्याशास्त्रज्ञ. रोमला अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे बरीच वर्षं प्रमुख होते. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांत प्रोटीनच्या जागतिक संकटाचा मोठा गाजावाजा चालला होता; गरीब देशांना प्रोटीनच्या पावडरी द्या, प्रोटीनचे खास पदार्थ काढा वगैरे. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे मांडून सांगितलं की बाबांनो, भात-भाकरी आणि डाळ खाणारा माणूस पोटभर जेवला तर त्याचं प्रोटीन बहुतेक वेळा भागतं. ज्याला कमी पडतं त्याला मुळात जेवणच कमी पडत असतं. आणि अर्धपोटी माणसाला दिलेलं प्रोटीन शरीर सरपणासारखं जाळून टाकतं.

म्हणून आजोबांचं भागलं. पण त्या वाक्यातला "पोटभर" हा शब्द अण्णांना लागू पडत नाही. अण्णा आजोबांचा भात खातात, पण आजोबांच्या एक-चतुर्थांश. तुम्ही दिलेल्या यादीवरून कच्चा तांदूळ दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमवर जात नसावा. त्यातून १२-१३ ग्रॅम. पिठी, आमटी, चहातलं दूध मिळून आणखी दहा. म्हणजे बावीस-पंचवीस. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम, अण्णांच्या वजनाला ४८. म्हाताऱ्या माणसांचे स्नायू प्रोटीनला सुस्तपणे प्रतिसाद देतात, म्हणून वृद्धांच्या आहारातले तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ सांगतात, म्हणजे ५८ ते ७०. अण्णा निम्म्यावरही नाहीत. वय वाढतं तशी भूक कमी होते आणि गरज वाढते, ही खरी पंचाईत आहे. त्यात भाताचा दोष नाही. पोटात जागा थोडी आणि भात जागा फार खातो, एवढंच.

बैलाचं उत्तर: बैलाच्या पोटात चार कप्पे, पहिल्यात जिवाणूंची भट्टी. ते जिवाणू गवतावर वाढतात, स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि मग बैल ते जिवाणूच पचवतो. थोडक्यात, बैल वरून गवत खातो आणि आतून मांसाहारी आहे. अण्णांना सांगा, तेवढा कोठा असेल तर खुशाल भातावर राहा.

डब्याबद्दल: तांदळातला स्टार्च काढून टाकला की उरतं ते तांदळाचं प्रोटीन, पावडरीत ऐंशी टक्क्यांपर्यंत. २०१३ मध्ये व्यायाम करणाऱ्या तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. व्यायामानंतर ४८ ग्रॅम तांदळाचं प्रोटीन आणि ४८ ग्रॅम व्हे, दोन्ही गटांचे स्नायू सारखेच वाढले. मात्रा मोठी असली की लायसिनची उणीव भरून निघते. पण काकूंच्या डब्यावरून पातेल्यातल्या भाताबद्दल निष्कर्ष काढू नका.

आता एक काम सांगते. स्वयंपाकघरात वजनकाटा आहे का? पिठीला पीठ घेता ते आणि आमटीला डाळ घेता ती कच्ची मोजा आणि खाणाऱ्यांनी भागा. आकडे इथे टाका. मग पुढचं बोलू.

---

भातखाचर

कुडाळकडचा शेतकरी. पथ्यपाणी ताईंनी वाल-पावट्याचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे भात कापला की त्याच खाचरात, जमिनीत ओल असते तेवढ्यावर कुळीथ, चवळी, वाल टाकतात. पाणी द्यायला लागत नाही. एकाच शेतात आधी भात आणि मग त्याच्या जोडीचं कडधान्य. आमची आजी म्हणायची, भात नि कुळथाची पिठी, आनी काय होया? तिने लायसिन ऐकलं नव्हतं, पण कुळीथ पेरल्याशिवाय शेत सोडलं नाही. आता चाकरमानी वाढले, गुरं मोकाट सुटतात, कोण राखण करणार? त्यामुळे भात काढला की शेत पडीक. कुळीथ दुकानातून पाव किलो येतो आणि तो पण पाण्यात पोहतो.

दुसरी माहिती. जास्त प्रोटीनचा तांदूळ पण निघालाय. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'सीआर धान ३१०' नावाचं वाण २०१६ मध्ये आणलं. पॉलिश केलेल्या तांदळात १०.३ टक्के प्रोटीन. आमच्या भागात मी कोणाकडे बघितलं नाही. इकडे अजून रत्नागिरी-२४, कर्जतची वाणं, जुने लोक लावतात तो लाल वालय.

लाल तांदूळ, हातसडीचा, यात प्रोटीन खूप जास्त असतं असं शहरातले गिऱ्हाईक मला सांगतात आणि मी पण गप्प बसून विकतो 😀 ताई, खरं काय ते सांगाच.

---

पथ्यपाणी

भातखाचर, प्रामाणिक विक्रेता! न सडलेल्या तांदळात ९ ग्रॅमच्या आसपास, पांढऱ्यात आठच्या आसपास. कोंड्यात प्रोटीन असतं, पण फरक एका ग्रॅमचा. तंतू, ब१ जीवनसत्त्व, खनिजं यांसाठी हातसडीचा जरूर खावा. प्रोटीनसाठी त्याला जास्त पैसे देऊ नयेत. उकड्याचंही तसंच: उकडताना ब१ दाण्यात आत मुरतं म्हणून तो पांढऱ्यापेक्षा चांगला, प्रोटीन जवळजवळ तेवढंच. आणि नाचणी! लोक नाचणीचं सत्त्व प्रोटीन म्हणून पाजतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, प्रोटीन तांदळाएवढंच किंवा थोडं कमी.

---

वेळणेश्वरची_सून

काटा होता, केकसाठी घेतलेला. मोजलं.

पिठीला पीठ ३५ ग्रॅम, खाणारे चौघे. आमटीला तुरीची डाळ ९० ग्रॅम, पुन्हा चौघे. पिठीचं पीठ डोळ्यांनी बघितलं तर वाटी भरल्यासारखं वाटतं, काट्यावर पस्तीस! आणि आमटी वाढताना काय होतं तेही नीट बघितलं. अण्णांना पातळ आवडते, म्हणून मी डाव वरच्यावर फिरवून वरचं पाणी त्यांना वाढते आणि तळाची डाळ मुलांच्या ताटात जाते. कौतुकाने वाढलेलं सगळं पाणीच.

चिकनचा रस्सा पण तसाच असणार, हो ना? तुकडे मुलं खातात, अण्णा रस्सा.

व्हेचं विचारलं. डबा बघून म्हणाले, "हे सिमेंट तुम्हीच खा." सॉरी डंबेल_दादा.

बैलाचं उत्तर मात्र वाचून दाखवलं. दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "म्हणजे बैल पण लबाड." एवढंच. पण रात्री अंडं कसं करतेस ते विचारलं. उकडलेलं कवळीला चिकटतं म्हणतात.

---

पथ्यपाणी

बघा, काट्याने किती बोलून दाखवलं. ३५ ग्रॅम चौघांत म्हणजे माणशी नऊ ग्रॅमही नाही. कुळथात प्रोटीन २२ टक्के, म्हणजे एका वाढणीत दोन ग्रॅम. आमटीचं माणशी पाच आलं असतं, पण वरचं पाणी म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. रस्सा तर सोडूनच द्या. चव उतरते, मीठ उतरतं, चरबी उतरते. प्रोटीन तुकड्यातच राहतं. रुग्णालयात भेटायला येणारे नातेवाईक थर्मासभर सूप आणायचे आणि तुकडे घरी ठेवून यायचे. वरणाचं पाणी, डाळीचं पाणी, पायाचं सूप, सगळं एका माळेचे मणी.

म्हणून माझा सल्ला: भात आहे तेवढा राहू द्या, अगदी उकड्याची पेजसुद्धा. भाताबरोबरचं घट्ट करा.

पिठी माणशी २५ ग्रॅम पिठाची. पिठल्याएवढी घट्ट नको, पण वाटीतून ओघळताना जरा थबकली पाहिजे. गुठळ्या होतात म्हणून लोक पीठ कमी घेतात. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या आणि लसणाच्या फोडणीवर पाणी उकळल्यावर धार धरून सोडा, एका हाताने ढवळत. आमसूल शेवटी. यातून साडेपाच ग्रॅम. आमटीऐवजी रात्री घोटलेलं वरण, त्यांच्या वाट्याला ४० ग्रॅम डाळ. नऊ ग्रॅम. वाढताना डाव तळापासून.

अंडी दोन, बारा-तेरा ग्रॅम. कवळीवाल्यांना उकडलेलं नको. सकाळच्या गरम पेजेतच अंडं फेटून सोडा आणि दोन मिनिटं ढवळत उकळी येऊ द्या. मीठ, मिरपूड, वर तुपाची लसणाची फोडणी. चव लागली की पेज पेजच राहते, अण्णांना डब्यातलं काही खाल्ल्यासारखं वाटत नाही. दुसरं अंडं भुर्जी करून, मऊ, कांदा बारीक. सोमवारी आणि संकष्टीला त्याऐवजी पनीर कुस्करून.

दुपारी दह्याची मोठी वाटी, पाच ग्रॅम. सोलकढी आवडते तर द्या, पण तिच्यात प्रोटीन जवळजवळ नाही. रात्री झोपताना पेलाभर दूध, आठ ग्रॅम. चारच्या दोन खारींची चारोळीएवढीही गरज नाही, पण तो आनंद काढून घेऊ नका.

आता मासे. अण्णा कोकणातले आणि तुम्ही चिकनवरून भांडताय, हे मला समजलं नाही. माशाला कवळी लागत नाही. सुरमई किंवा बांगड्याची एक बरी तुकडी म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम. ओला बोंबील मऊ म्हणून म्हाताऱ्यांना देतात, द्या, पण त्यात पाणीच नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे प्रोटीन माशांमध्ये सगळ्यात कमी. तोच बोंबील वाळला की चित्र उलटं. सुका बोंबील, सुका जवळा यांच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं. १५ ग्रॅम जवळा, मूठभरसुद्धा नाही, आठ ग्रॅम देतो. भाजून, कुटून, कांदा-खोबरं-कोकम घालून चटणी केली की भातावर घेता येते आणि चावायचा प्रश्नच नाही.

बेरीज करा: भात १२, अंडी १३, पिठी साडेपाच, वरण ९, दही ५, दूध ८, जवळा ८. साठ झाले, भाताचा एक घास कमी न करता. ज्या दिवशी मासा असेल त्या दिवशी वर. श्रावणात जवळा, मासे आणि अंडी गेली की हिशोब कोसळेल, तेव्हा सोयाबीनच्या वड्या भिजवून मिक्सरमधून काढून भाजीत. त्यांत निम्मं प्रोटीन असतं. भाताला मांसाची बरोबरी करायला लावू नका, त्याचं ते काम नाही. कामाला बाकीचे आहेत.

आणि हे सगळं एका जेवणात कोंबू नका, तीन वेळांत वाटा.

---

डंबेल_दादा

सिमेंट 😂 अपमान गिळला.

एक मुद्दा माझ्याकडून, हा खरंच जिमचा. नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू येत नाही, त्याला काम लागतं. अण्णांना खुर्चीतून हात न टेकता उठा-बसायला लावा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उशी काढा. कोणीतरी शेजारी उभं राहायचं.

---

पथ्यपाणी

डंबेल_दादा, शंभर टक्के. मी हेच विसरायला नको म्हणून परत आले होते.

---

वेळणेश्वरची_सून

पेजेत अंडं चाललं! फक्त त्यांना सांगितलं नाही. "आज पेज दाट झालीय" म्हणाले, दुसरी वाटी घेतली. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत त्याला पायाने ढोसलं.

दोन शंका. एक, जवळा धुवायचा की नाही? बाजारातल्यात वाळू फार असते, आणि अण्णांना रक्तदाबाची गोळी आहे, सुक्या मासळीला मीठ असतं ना? दोन, एवढं प्रोटीन वाढवल्यावर मूत्रपिंडावर ताण येतो असं जाऊबाई म्हणतात.

---

भातखाचर

जवळा आधी चाळा, बारीक चाळणीने, वाळू खाली पडते. मग पाण्यात टाकून हाताने हलवायचा आणि वरचा वर उचलून घ्यायचा, तळाचं पाणी वाळूसकट फेकायचं. दोन-तीन पाण्यात. मग पिळून तव्यावर कोरडा भाजायचा, वास बदलेपर्यंत. जवळा आणि बोंबील आमच्याकडे बिनमिठाचेच उन्हात वाळवतात, मीठ असतं ते खाऱ्या बांगड्याला. तो अण्णांना नको. तरी विकत घेताना एक चिमूट जिभेवर ठेवून बघा, हल्ली काहीजण जवळ्यालाही मीठ मारतात.

---

पथ्यपाणी

भातखाचर यांनी जवळ्याचं सांगितलं ते तंतोतंत.

मूत्रपिंडाबद्दल: ज्यांचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं आहे त्यांना प्रोटीन मोजून द्यावं लागतं, आणि ते किती हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ज्यांचं ठीक आहे त्यांना साठ ग्रॅम म्हणजे अति नव्हे, ती त्यांची गरज आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून अंदाजावर जाऊ नका. आधीच्या तपासण्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) असणारच, तो कागद काढा, नसेल तर करून घ्या आणि ही यादी घेऊन डॉक्टरांना एकदा दाखवा. ते हो म्हणाले की पिठीपासून सुरुवात. वजन महिन्याने एकदा, सकाळी, पेजेच्या आधी.